‘वाडी’, ‘पाडा’, ‘वस्ती’ : कुंपण आणि मुक्काम

दक्षिण फ्रान्समधील एखादी ग्रामीण कथा मराठी अनुवादकाने हाती घेतली, की पहिल्या दोनतीन पानांतच एक शब्द त्याची वाट अडवतो. तो शब्द म्हणजे ऑक्सितान भाषेतील ‘मास’. शेताच्या मधोमध उभे असलेले दगडी घर, त्याच छपराखाली किंवा भिंतीला भिंत लावून गोठा, धान्याची जागा, तेल-द्राक्षांची साठवण, भोवती त्या घराचीच जमीन, आणि गावापासून दूर असूनही स्वतःपुरते पूर्ण असे कुटुंब, एवढा सगळा अर्थ त्या एका अक्षराच्या शब्दात सामावलेला असतो. उत्तरेकडून येणाऱ्या मिस्त्राल वाऱ्याकडे पाठ करून आणि दक्षिणेकडे तोंड करून ही घरे बांधली जातात. उत्तरेच्या भिंतीला बहुधा खिडकी नसते. १९०४ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरलेला कवी फ्रेदेरिक मिस्त्राल १८३० मध्ये मायान गावाजवळच्या अशाच एका ‘मास’मध्ये जन्मला, आणि पुढे १८७८ ते १८८६ ह्या काळात त्याने आपल्या भाषेचा जो दोन खंडांचा कोश सिद्ध केला, त्यामागे अशा शब्दांविषयीची आस्था होती.

अनुवादकापुढे सोपा मार्ग असतो : ‘फार्महाऊस’ लिहावे आणि पुढे जावे. आजवर बहुतेकांनी हाच मार्ग पत्करला आहे. ‘शेतघर’ हा दुसरा पर्याय. सरकारी व्यवहारात तो वापरला जातो, परंतु त्याला कागदाचा वास आहे. हा प्रश्न केवळ अनुवादाच्या सोयीचा नाही. ‘मास’ला मराठीत काय म्हणावे हे ठरवू लागले, की मराठीने शेतातल्या घराला आणि घरांच्या पुंजक्याला आजवर काय म्हटले, का म्हटले आणि त्या शब्दांचे आज काय होत आहे, हे तपासणे भाग पडते. हे काम आपल्या विद्यापीठीय मराठी विभागांनी जितके करायला हवे होते तितके केलेले नाही, असे स्पष्टच म्हणावे लागते.

प्रथम ‘मास’ची व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये ‘मानेरे’ म्हणजे राहणे, थांबणे. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘मान्सुम’. त्यापासून मध्ययुगीन लॅटिनमधील ‘मान्सुस’, म्हणजे एका शेतकरी कुटुंबाच्या निर्वाहास पुरेल एवढी जमीन व तीवरील घर. करआकारणीही ह्याच एककावर होत असे. ‘मान्सुस’चा ‘न’ गळून ऑक्सितान व कातालान भाषांत ‘मास’ उरला. फ्रेंचमधील घर ह्या अर्थाचा ‘मेझाँ’ आणि इंग्रजीतील ‘मॅन्शन’ हे त्याच धातूचे वंशज. ‘द्यूमा’ हे फ्रेंच आडनावही शब्दशः ‘मासवरचा’ असे आहे. आपल्याकडे ‘वाडकर’, ‘वाडेकर’ जसे सिद्ध होतात तसेच ते. थोडक्यात, ह्या शब्दाच्या मुळाशी भिंत नाही, छप्पर नाही, जमीनही नाही. मुळाशी आहे ती केवळ मुक्काम करण्याची, टिकून राहण्याची क्रिया. घर आणि कर हे दोन्ही अर्थ त्या क्रियेला मागाहून चिकटले.

मानवी वसतीला नाव देण्याचा हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार कुंपणावरून नाव देण्याचा. इंग्रजीतील ‘टाऊन’ आणि जर्मनमधील ‘त्साउन’ हे सख्खे शब्द आहेत. जर्मनमध्ये त्याचा अर्थ आजही कुंपण असाच आहे. इंग्रजीत मात्र कुंपण, मग कुंपणाआडची शेतवाडी, मग खेडे आणि शेवटी शहर असा त्याचा प्रवास झाला. मराठीची गंमत अशी, की तिच्याजवळ हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आणि जिवंत अवस्थेत आहेत.

कुंपणाच्या कुळातला आपला प्रमुख शब्द ‘वाडी’. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, कुंपण घातलेली जागा. ‘वाटी’, ‘वाटिका’ ही त्याची स्त्रीलिंगी रूपे. आर. एल. टर्नर ह्यांनी आपल्या भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात ह्या ‘वाट’चा संबंध ‘वृ’ म्हणजे झाकणे, वेढणे ह्या धातूशी जोडला आहे. दोन स्वरांमधला एकेरी ‘ट’ मराठीत ‘ड’ होतो आणि अंत्य ‘-इका’चा ‘ई’ होतो, हा नियम सर्वपरिचित आहे. ‘घोटक’चा ‘घोडा’, ‘कीटक’चा ‘किडा’, तसा ‘वाटक’चा ‘वाडा’ आणि ‘वाटिका’ची ‘वाडी’. विद्यार्थी पुष्कळदा ‘वाट’, म्हणजे रस्ता, आणि ‘वाडी’ ह्यांचा संबंध जोडतात. वाटेवर वसली ती वाडी, असे उत्तर परीक्षेत सहज सापडते. ते चूक आहे, आणि ते चूक का आहे हे सांगण्यासाठीच ध्वनिनियम शिकायचे असतात. रस्ता ह्या अर्थाची ‘वाट’ ही ‘वर्त्म’वरून प्राकृत ‘वट्ट’ ह्या जोडाक्षरी रूपातून आली. जोडाक्षर सुटताना आधीचा स्वर दीर्घ झाला, ‘ट’ मात्र तसाच राहिला. एकेरी ‘ट’चा ‘ड’ होतो, दुहेरी ‘ट्ट’चा होत नाही. दोन शब्द कानाला जवळचे वाटले तरी त्यांचे गोत्र निराळे. उलट, कोकणात कुंपणाला ‘वई’ म्हणतात, तो कानाला कितीही दूरचा वाटला तरी ‘वृति’वरून आलेला असल्याने ‘वाडी’चा सगोत्र आहे.

टिटवाळ्याच्या संदर्भात ह्या शब्दाला एक वेगळीच शोभा आहे. कण्व मुनींचा आश्रम येथेच होता आणि शकुंतलेने येथेच गणपतीची स्थापना केली, अशी स्थानिक आख्यायिका महागणपतीच्या मंदिराशी निगडित आहे. आख्यायिकेचा ऐतिहासिक विचार येथे कर्तव्य नाही. परंतु कालिदासाच्या नाटकात पहिल्या अंकात दुष्यंताला मुनिकन्यांचे बोलणे ऐकू येते ते ‘वृक्षवाटिके’च्या बाजूने, आणि हा ‘वाटिका’ शब्द म्हणजेच मराठी ‘वाडी’चा पूर्वज. शकुंतला पाणी घालीत होती ती झाडे, मराठीत सांगायचे तर, वाडीतलीच होती. कोकणात ‘नारळी-पोफळीची वाडी’ म्हणतात तेव्हा हाच जुना अर्थ कायम असतो. गिरगावातील फणसवाडी, केळेवाडी ही नावेही त्याच अर्थाची साक्ष देतात. विदर्भात घरामागच्या भाजीपाल्याच्या जागेला वाडी म्हणतात, तेथे तर घर कुंपणाबाहेरच राहिले आहे.

मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) ‘वाडी’चे अर्थ ज्या क्रमाने आले आहेत तो क्रम अभ्यसनीय आहे. आधी कुंपण घातलेली बागाईत जमीन, मग शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका, मग कोकणातील विखुरलेल्या गावाचा एक स्वतंत्र भाग. जागा, जागेतली घरे, घरांतला समाज, अशी ही चढण आहे. ‘वाडा’ ह्या शब्दाची व्याप्ती त्याहून विलक्षण. गुरे कोंडण्याची जागा तो वाडा, धनगराच्या मेंढ्यांचा तो वाडा, आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला पेशव्यांचा तोही शनिवार वाडाच. मेंढरांचे कुंपण आणि राज्यकर्त्याचा प्रासाद ह्यांना एकच शब्द वापरणारी भाषा उपहास करीत नसते. तिच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी महत्त्व आहे ते वेढ्याला. आत काय आहे, हा पुढचा प्रश्न. मोल्सवर्थने आणखी एक नोंद केली आहे : कोकणात ‘वाडा’ आणि ‘कोंड’ हे मौजाचे भाग सारा भरीत तो थेट सरकारात नव्हे, तर मौजेखोताकडे. मध्ययुगीन ‘मान्सुस’शी ह्या वाड्याचे साम्य येथे दिसते. दोन्हीकडे राहण्याची जागा हे वसुलीचे एकक झाले आहे.

‘पाडा’ हा शब्द मात्र स्वतंत्र विचार मागतो, आणि ठाणे जिल्ह्याचा अभ्यासक तो टाळू शकत नाही.

‘वाडा’ आणि ‘पाडा’ हे एकाच शब्दाचे दोन उच्चार, असा समज आढळतो. तसे नाही. ‘पाडा’ हा ‘पाटक’चा तद्भव. संस्कृत कोशकारांपैकी हेमचंद्राने ‘पाटक’ म्हणजे अर्धे गाव असा अर्थ दिला आहे, आणि ताम्रपटांतूनही गावाचा भाग ह्या अर्थाने तो येतो. बंगालीत हाच शब्द शहरातल्या मोहल्ल्याला लावतात, गुजरातेत पाटणच्या मोहल्ल्यांना ‘पाडो’ म्हणतात. गोंधळाचे कारण ध्वनिशास्त्रीय आहे. सामासिक नावात मध्ये आलेला ‘प’ मराठीत ‘व’ होतो. त्यामुळे एखाद्या जुन्या ग्रामनामातला ‘-वाडा’ हा ‘वाटक’चा की ‘पाटक’चा, हे केवळ आजच्या रूपावरून सांगता येत नाही. हाच नियम डोंबिवली, बोरिवली, कांदिवली, आंबिवली, खडवली ह्या नावांत दिसतो. तेथील ‘-वली’ ही मूळची ‘पल्ली’, म्हणजे छोटे खेडे. ‘प’चा ‘व’ झाला, आणि ‘ल्ल’ जोडाक्षर असल्यामुळे त्याचा ‘ळ’ न होता ‘ल’ राहिला. म्हणूनच टिटवाळा हे नाव शेजारच्या आंबिवली-खडवलीच्या पंक्तीत बसवता येणार नाही. त्यातील ‘ळ’ एकेरी ‘ल’कडे बोट दाखवतो, ‘पल्ली’कडे नव्हे. रेल्वेच्या एकाच फाट्यावर लागोपाठ येणारी स्थानके भाषेच्या दृष्टीने शेजारी असतातच असे नाही.

ह्याउलट शहापूर, मुरबाड, वाडा, जव्हार, डहाणू ह्या पट्ट्यात ज्या असंख्य वसतींच्या नावांना ‘-पाडा’ जोडलेला आहे, त्यांत ‘प’ शाबूत आहे. ह्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. ‘प’चा ‘व’ होण्याची प्रक्रिया संपल्यानंतर ही नावे सिद्ध झाली, आणि ती सिद्ध होताना ‘पाडा’ हा लोकांच्या तोंडी स्वतंत्र, जिवंत शब्द होता. ‘-वली’ हा ग्रामनामांतला अवशेष आहे. कोणीही आज ‘आमची वली’ म्हणत नाही. ‘आमचा पाडा’ मात्र हजारो लोक म्हणतात. बंगाल आणि गुजरातेत शहरात शिरलेला हा शब्द मराठीत वारली, कातकरी, ठाकूर, कोळी महादेव ह्या समाजांच्या वसतीचा वाचक म्हणून रानाच्या कडेला राहिला. (त्यातही भेद आहे. कर्जतच्या बाजूला ठाकूरवाडी, कातकरवाडी, आणि उत्तरेकडे जावे तसतसा पाडा. ह्या सीमारेषेचा भाषिक नकाशा काढणे हा एका उत्तम प्रबंधाचा विषय आहे.) गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक वाचणाऱ्याला पाडा म्हणजे ‘लहान खेडे’ हा कोशातला अर्थ किती अपुरा आहे हे सांगावे लागत नाही. महाराष्ट्र किसान सभेचे स्थापना-अधिवेशन जानेवारी १९४५ मध्ये भरले ते टिटवाळ्यालाच, आणि त्याला तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव भागातले वारली आले होते. वेठीविरुद्धचा त्यांचा लढा त्यानंतर पेटला. मंदिराच्या इतिहासात टिटवाळ्याचे नाव जसे शकुंतलेमुळे, तसे पाड्याच्या इतिहासात ते ह्या अधिवेशनामुळे राहील. गावाचे जमिनीचे कागद असतात, पाड्याचे बहुधा नसत. ‘पाडा’ आणि ‘गाव’ ह्यांतला फरक आकाराचा नव्हता. तो हक्काचा होता.

कायद्याने ह्या फरकाची दखल घेतली ती फार उशिरा. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम ह्यांनी अनुसूचित क्षेत्रातील एखाद्या पाड्याला किंवा पाड्यांच्या समूहाला स्वतःला गाव म्हणून घोषित करवून घेण्याची व स्वतंत्र ग्रामसभेची वाट मोकळी केली. शहापूर तालुका ह्या क्षेत्रात मोडतो. टिटवाळा कल्याण तालुक्यात आणि महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने त्यात येत नाही. काही मैलांच्या अंतराने एकाच शब्दाला दोन निराळी भवितव्ये लाभतात. एका ठिकाणी पाडा गाव होऊ शकतो, दुसऱ्या ठिकाणी तो प्रभागात विरघळतो.

आता ‘वस्ती’. ‘मास’चे खरे भावंड हेच. ‘वस्’ म्हणजे राहणे, आणि ‘वसति’ म्हणजे राहणे, मुक्काम, रात्रीचा मुक्कामसुद्धा. ‘आज वस्तीला ये’ किंवा ‘वस्तीची एस. टी.’ असे आपण म्हणतो तेव्हा तो मूळ क्रियावाचक अर्थ जसाच्या तसा असतो. नियमित ध्वनिबदलाने ‘वसति’चे ‘वसई’ व्हावे, आणि वसई ह्या नावाचा उगम ह्याच शब्दात असणे संभवते, ‘वृति’ची ‘वई’ होते तसेच. ‘वस्ती’ने मात्र ‘त’ टिकवला. तो शब्द संस्कृतातून थेट किंवा उत्तरेकडील भाषांच्या वळणाने मागाहून आला असावा. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर ह्या भागांत गावापासून दूर, स्वतःच्या रानात घर बांधून राहिलेल्या एका कुटुंबाच्या किंवा भावकीच्या ठिकाणाला ‘वस्ती’ म्हणतात. घर, गोठा, विहीर, कडब्याची गंजी, चार झाडे. येथे ‘मास’ची सगळी अंगे जुळतात, आणि धात्वर्थही जुळतो.

कुंपणाचे शब्द आणि मुक्कामाचे शब्द ह्यांतला भेद मराठी बोलणाऱ्याला व्युत्पत्ती ठाऊक नसतानाही जाणवतो, ह्याचा पुरावा विभक्तिप्रत्ययांत आहे. आपण ‘वाडीत’, ‘वाड्यात’, ‘मळ्यात’ राहतो, पण ‘वस्तीवर’, ‘पाड्यावर’ राहतो. कुंपणाला आत असते, मुक्कामाला आत नसते. म्हणून तेथे ‘-त’, येथे ‘-वर’. नियम काटेकोर नाही. ‘पाड्यात’ही ऐकू येते, आणि ‘धनगरवाड्यावर’ हा प्रयोग तर सर्रास आहे. परंतु हा अपवाद मोठा बोलका आहे. धनगराचा वाडा हे कुंपण असले तरी त्याचे जगणे मुक्कामाचे, आणि प्रत्यय निवडताना भाषेने शब्दाच्या मुळाकडे न पाहता माणसाच्या जगण्याकडे पाहिले. व्याकरणाच्या पुस्तकांत सप्तमीचा विचार करताना अशा उदाहरणांना फारसे स्थान मिळालेले नाही.

राहिला ‘फार्महाऊस’. कल्याणच्या पुढे रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना गेल्या काही दशकांत ह्या शब्दाचे पीक जोमाने आले आहे. इंग्रजीतील ‘फार्म’चा उगम मध्ययुगीन लॅटिन ‘फिर्मा’त आहे, आणि त्याचा अर्थ ठरलेली रक्कम, म्हणजे मक्ता किंवा खंड. कुळाने मालकाला वर्षाकाठी द्यायचा तो ‘फार्म’. पुढे खंडाने धरलेली जमीन, मग कोणतीही शेतजमीन. आपल्याकडे हा शब्द नेमका त्या ठिकाणाला चिकटला, जेथे कोणी खंड देत नाही, कोणी नांगर धरीत नाही आणि शनिवार-रविवारखेरीज कोणी राहतही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शेतावरील इमारतीची जी व्याख्या आहे ती अवजारे, खत, चारा व पीक साठवणे, गुरांना निवारा, आणि शेत धारण करणाऱ्याच्या कुटुंबाचा, नोकरांचा किंवा कुळांचा निवास अशी आहे. ती व्याख्या ‘मास’ला तंतोतंत लागू पडेल, वस्तीलाही पडेल. जाहिरातींतल्या फार्महाऊसला ती कितपत लागू पडते, हे ज्याने त्याने ठरवावे. म्हणून ‘मास’साठी हा शब्द वापरणारा अनुवादक केवळ आळस करीत नाही, तो अर्थाची उलटापालट करतो. मास म्हणजे जेथे माणूस राहतो ती जागा, फार्महाऊस म्हणजे जेथे तो जाऊन येतो ती.

येथे एक अवघड मुद्दा टाळता येणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वसतींची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि त्याऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली. ‘वाडा’ हा शब्द ज्या समासांत शतकानुशतके वावरला, त्यांतले कित्येक समास माणसाला गावकुसाबाहेर बांधून ठेवणारे होते. कुंपण संरक्षण करते तसे कोंडतेही, आणि ज्यांना कोंडले गेले त्यांच्याकडून त्या शब्दाच्या जतनाची अपेक्षा करणे हा अभ्यासकाचा उद्धटपणा ठरेल. तेव्हा नाव बदलण्याचा हक्क रहिवाशांचा आहे, व्युत्पत्तिकाराचा नाही, ह्याविषयी दुमत नसावे. परंतु बदलात पूर्वपद आणि उत्तरपद दोन्ही जातात आणि सगळीकडे ‘नगर’ येते. नगर हा शब्द वाईट नाही, पण वाडी, पाडा, वस्ती, कोंड ह्यांतला फरक सांगण्याची शक्ती त्याच्यात नाही. जुनी नावे पाटीवरून उतरावीत. वहीत मात्र ती राहिली पाहिजेत, त्यांनी केलेल्या अन्यायासह.

ही वही भरणार कोण? यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ह्यांच्या संपादक मंडळाने १९३२ ते १९३८ ह्या सहा वर्षांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी ह्यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ चा. ज्यूल ब्लोक ह्या फ्रेंच पंडिताचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ त्याच्याही आधीचा. तो मराठीत आला १९४१ मध्ये. ह्या सर्वांनी वाडीची नोंद केली, पण ‘वस्तीवर’ आणि ‘वाडीत’ हा भेद टिपायला बोलणाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावे लागते. कल्याण, शहापूर, मुरबाड येथील महाविद्यालयांत शिकणारे कितीतरी विद्यार्थी पाड्यांवरून येतात. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येकाने आपल्या वसतीचे नाव, शेजारच्या पाच वसतींची नावे, त्यांचे स्थानिक उच्चार, जुन्या माणसांनी सांगितलेले अर्थ आणि ‘-त’ की ‘-वर’ हा प्रत्यय, एवढी माहिती एका कागदावर आणली, तरी दोन वर्षांत जे हाती येईल ते कोणत्याही कोशात नाही. त्याला अनुदान लागत नाही. बारमाही ‘ग्रामीण साहित्याचे स्वरूप’ ह्याच विषयावर निबंध लिहून घेण्यापेक्षा हे काम निश्चित अधिक फळ देईल.

अनुवादकाला उत्तर द्यायचे तर ते असे. प्रोव्हान्समधील ‘मास’ला देशावरच्या वाचकासाठी ‘वस्ती’ म्हणावे. शहरी कानाला त्या शब्दातून झोपडपट्टी ऐकू येते, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘रानातली वस्ती’ असे लिहिले की पुरे. कथा द्राक्षमळ्याच्या वेढ्याभोवती फिरत असेल, तर ‘मळा’ चालेल. ‘वाडी’ वापरण्याचा मोह कोकणातल्या अनुवादकाला होईल, पण वाडीत शेजार असतो आणि मासमध्ये तो नसतो. ‘पाडा’ तेथे अजिबात योजू नये. त्याचा अर्थ अजून दक्षिण फ्रान्सपर्यंत नेण्याइतका मोकळा झालेला नाही.